समोरच्या भिंतीवरचं ऊन

बुधवार, २२ जानेवारी १९७५
दुपार, आपल्या सोप्यात बसून

प्रिय अक्का,

मोठ्या बहिणीला ‘तीर्थस्वरूप’ लिहावं असं शाळेत मास्तरांनी शिकवलं होतं. पण तीर्थस्वरूप लिहिलं की मला पुढं खरं लिहिता येत नाही, साष्टांग नमस्कार घालून पत्र आपोआप संपतं. म्हणून आज प्रियच लिहितो. तुझ्या लाडक्या भावाकडून एवढं लांब पत्र आलेलं बघून दाजी हसतील. हसू देत. त्यांना दाखवलंस तरी चालेल, पण आधी तू एकटी वाच.

इकडची खबर अशी की म्हैस व्याली. रेडी झाली. आई तुझं नाव घेऊन म्हणते, गुणमालाच्या आधी हिनंच नंबर लावला. तू येशील तोवर खरवसाचे दिवस सरतील, पण दुधाला तोटा नाही. शाळू जोमात आहे. तुझ्यासाठी आईनं मधली खोली सारवून घेतली, आतल्या कौलांची गळकी जागा कोंडीबाकडून बसवून घेतली, आणि जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांचा एवढा ढीग शिवून ठेवलाय की तुला तिळं झालं तरी पुरावीत. पुढच्या रविवारच्या मागच्या रविवारी दाजी तुला रहिमतपुराहून आणून सोडणार, असं त्यांचं कार्ड आलं. आईनं ते कार्ड देवळीत अण्णांच्या फोटोला टेकवून ठेवलंय. बघ, मागचा-पुढचा रविवार मी नीट लिहूसुद्धा शकत नाही. आजपासून दुसरा रविवार म्हणायचं होतं. मन जाग्यावर नाही, अक्का.

तुला सांगलीचं स्टँड आठवतं ना? वैशाखात लग्नानंतर दुसऱ्यांदा तू सासरी निघालीस तेव्हाचं. दाजी केळी घ्यायला गेले होते, म्हणजे तेवढ्यासाठी तूच त्यांना धाडलं होतंस. गाडीच्या खिडकीतून माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, “बाहू, मला काय नगो तुझ्याकडनं. आईला तेवढं दिवस मावळायच्या आत जेवू घालत जा.” मी म्हणालो, एवढंच ना? असं म्हणालो जसं काय तू मला पोस्टाचं तिकीट आणायला सांगतेयस. वैशाखात दिवस केवढे मोठे असतात गं. मला वाटलं, त्यात काय अवघड आहे.

आईचं तुला माहीत आहे, तरी आज लिहितो, कारण मला ते नीट कळलं नव्हतं. दिवस मावळला की ती अन्नाला शिवत नाही, हे सगळ्या गल्लीत आहे. आपल्या जैन समाजात घरोघरी आयाबाया ते पाळतात. पण बाकीच्या चार घास वेळेत खाऊन मोकळ्या होतात. आपल्या आईचं दुसरंच. कुणाला तरी वाढल्याशिवाय तिला घास उतरत नाही. अण्णा होते तेव्हा अण्णांना वाढायची. ते गेल्यावर तू होतीस. तू शाळेतून आलीस की दोन ताटं मांडायचीस, तिला दंडाला धरून बसवायचीस, आणि ती कुरकुरत का होईना जेवायची. तू गेलीस आणि राहिलो मी. आणि मी पाचला सांगलीत आप्पासोंच्या सायकलच्या दुकानातून सुटणार, अण्णांच्या काळ्या सायकलवर बारा मैल येणार. उन्हाळ्यात सगळं जमलं. पावसाळ्यातही ढगांमुळं कळायचं नाही, आई आपली अंदाजानं उशीरच धरायची. दिवाळी झाली आणि दिवस मला दगा द्यायला लागला.

तिचं घड्याळ तू विसरली नसशील. समोरच्या बाळगोंडा पाटलांच्या भिंतीवरचं ऊन. ते भिंतीवरून चढत चढत माळवदाच्या कडेला जातं, तोवर जेवायला वेळ आहे. कडेवरून उडालं की संपलं. कार्तिकात मी रोज बघायचो, गल्लीत वळलो की पहिली नजर त्या भिंतीवर. रोज भिंत नुसती पांढरी. पाव तासाचा फरक गं, जास्त नाही. आई उंबऱ्यात बसलेली असायची, माझं ताट झाकलेलं. मला वाढायची, गरम भाकरी, पावट्याची आमटी, वर तूप. मी म्हणायचो, तूपण घे. ती म्हणायची, “आता काय, दिस बुडाला. तू जेव.” आणि तांब्याभर पाणी पिऊन वाकळ ओढायची. मी सांगून बघितलं, माझी वाट बघू नकोस, वेळेत खाऊन घे. हो म्हणायची. दुसऱ्या दिवशी भाकरी तशीच. शेजारच्या चंपाबाईंना सांगितलं, तुम्ही येऊन बसत जा. तर आई त्यांनाच वाढायची आणि स्वतः दारात, रस्त्याकडं डोळे लावून.

तुला पत्रात मी लिहीत होतो, आई बरी आहे, जेवणखाण ठीक. दुपारचं ती जेवायची, तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं, अशी मी माझी समजूत काढायचो.

आणि आता ऐक. सांगलीत चारच्या सुमाराला आप्पासो चहा सांगतात. दुकानाशेजारी गाड्यावर भजी निघतात, मिरचीची, गरम. मी आणि सयाजी, तो पलीकडच्या गॅरेजात वेल्डिंग करतो, रोज तिथं. म्हणजे संध्याकाळी घरी येऊन आईसमोर बसायचो तेव्हा माझं पोट निम्मं भरलेलं असायचं. ती उपाशी, आणि मी तिच्यासमोर उष्टी भाकरी ताटात ठेवायचो, भूक नाही म्हणून. ती म्हणायची, दमलास व्हय रं, सायकल मारून. अक्का, तेव्हा मला धरणी दुभंगावी असं वाटायचं. पण दुसऱ्या दिवशी चार वाजले की पाय गाड्याकडं वळायचेच.

एकदा लवकर सोडा म्हणून आप्पासोंना विचारलं. माणूस चांगला, पण पाचपर्यंत गिऱ्हाईक हटत नाही. उसाचा हंगाम, कारखान्यावर जाणारी पोरं पंक्चर काढून घ्यायला उभी. ते म्हणाले, दिवस मला वाढवता येत नाही, सायकल तुला पळवता येत असली तर पळव. ते चेष्टेत म्हणाले. मी मनावर घेतलं.

दुकानाच्या मागं भंगाराचा ढीग आहे. पाचगणीच्या कुठल्याशा बोर्डिंगनं जुन्या सायकली काढल्या, त्यातलं गाडीभर सामान आप्पासोंनी घेतलं होतं. त्यात मला एक फ्रेम सापडली. रंग गेलेला, पण हातात धरली तर उचललीय की नाही कळेना, इतकी हलकी. विलायती. कुणा मोठ्या घरच्या पोरानं शर्यतीची आणलेली असावी. पुढचं चाक धरणारा चिमटा वाकलेला होता, तो सयाजीनं तापवून सरळ केला. मागचं चाक एका पोस्टमनच्या जुन्या सायकलचं, पुढचं कुणाच्या तरी सासऱ्यानं जावयाला दिलेल्या आणि जावयानं ओढ्यात घातलेल्या सायकलचं. दोन्ही चाकांतल्या तारा काढून नव्यानं विणल्या, त्यांचा आऊट, म्हणजे डुगडुग, काढायला मला चार संध्याकाळी लागल्या. पुढं मोठं दातेरी चाक, मागं लहान. म्हणजे पायडल जड, पण एकदा वेग धरला की पाय फिरवतोय तेवढं रान मागं पळतं. हँडल एडक्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. मडगार्ड काढलं, कॅरियर काढला, स्टँड काढलं, घंटीसुद्धा काढली. वजन नको म्हणून मागचा ब्रेकही काढला. सयाजी म्हणाला, “गड्या, थांबायचं कसं?” मी म्हणालो, थांबायचं असतं तर बांधली कशाला असती.

एक गोष्ट तुला राग येईल अशी. सीट आणि चेन अण्णांच्या सायकलची घातली. विलायती फ्रेमवर दुसरी सीट बसेना, आणि अण्णांची ती चामड्याची, इतक्या वर्षांत बसून बसून मऊ झालेली. ज्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून तू कैची शिकलीस, गुडघा फोडून घेतलास आणि अण्णांना सांगितलंस की बाहूनं ढकललं, ती आता गोठ्याच्या भिंतीला बिनसीटाची टेकून आहे. आल्यावर बघशील. पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाही. तेवढंच असतं तर कार्डावर भागलं असतं.

पहिल्या दिवशी त्या सायकलवर निघालो तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. भज्यांच्या गाड्याकडं बघितलंसुद्धा नाही. पाचला पाय टाकला. आपला रस्ता मावळतीकडचा, तेव्हा सूर्य सबंध वेळ तोंडावर. थंडी अशी की बोटं हँडलला चिकटून बसली, कानांतून वारं. उसाच्या गाड्या सांगलीकडं येत होत्या, मी त्यांच्या कडेकडेनं. गुऱ्हाळावरची माणसं ओरडली, “बाहू, खाली मान घालून काय हुडकतोयस रं, काय पडलं?” उत्तर द्यायला दम नव्हता. गल्लीत वळलो आणि भिंतीकडं बघितलं. ऊन होतं. हातभर ऊन होतं अजून माळवदाखाली. मी सायकल तशीच दारात आडवी टाकली आणि आत जाऊन स्वतः दोन ताटं घेतली. आई बघतच राहिली. म्हणाली, “आज दुकान बंद हुतं का काय?” मी तिला दंडाला धरून बसवली, तू बसवायचीस तशी. ती जेवली गं. दीड भाकरी खाल्ली. उचकी लागली तिला मध्येच, इतक्या दिवसांची सवय गेलेली, आणि आम्ही दोघं हसलो. मी तेव्हा मनात म्हणालो, अक्काला लिहितो. पण लिहिलं नाही. चांगलं लिहायला घाई कुणाला असते.

मग रोज तसंच. मार्गशीर्ष लागला, आई रोज जेवत होती. चेहऱ्यावर थोडं पाणी आलं. चंपाबाई म्हणाल्या, लेकानं आईला सोन्यात मढवलं असतं तरी एवढी खुलली नसती. गावातली पोरं सायकल बघायला यायची. मला लय भारी वाटायला लागलं. सांगलीतसुद्धा नाव झालं, आप्पासोंच्या दुकानातला बाहुबली बारा मैल पाऊण तासात मारतो. आणि अक्का, माणसाला शहाणपण पचतं पण नाव पचत नाही. मी हिशेब मांडला, पावणेसहाला पोचतो, ऊन असतं सहापर्यंत. म्हणजे पाव तास आपला. तो पाव तास मी भज्यांच्या गाड्यावर द्यायला लागलो. सायकल आहेच. मग दिवस जरा वाढले, तर अर्धा तास. सयाजीबरोबर गप्पा, आणखी एक प्लेट. आणि मग उठून दामटायची, रोज आदल्या दिवसापेक्षा जोरात. आईसाठी बांधलेल्या सायकलनं जे मिळवून दिलं, ते मी चहात बुडवून खाल्लं. तेव्हा असं वाटलं नाही. तेव्हा वाटलं, जमतंय की.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीदिनी, आईनं सकाळीच सांगितलं होतं, आज दुकानाला जाऊ नको. कर आहे, कुठं जाऊ नये. मी हसलो आणि गेलो. आप्पासोंनी तिळगूळ दिला, सयाजीनं भजी सांगितली, कुठल्यातरी सिनेमाचा विषय निघाला. उठलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. ओढ्याच्या उतारावर, जिथं दोन्हीकडून बाभळी आहेत, मी खाली बघतच नव्हतो. मी सूर्याकडं बघत होतो. अजून किती वर आहे, एवढंच. उसाची एक गाडी जू मोडून रस्त्यात उभी होती. ब्रेक एकच, पुढचा. तो दाबला आणि मी हँडलवरून पलीकडं. हात मनगटाजवळ मोडलाय, डावा. घाबरू नकोस, दुसऱ्या दिवशी सांगलीच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलंय, महिन्यात निघेल. लिहितोय उजव्यानंच, तेव्हा अक्षर हातामुळं वाईट आहे असं मात्र समजू नकोस.

त्याच गाडीवाल्यांनी दुसरी गाडी थांबवून मला घरी आणलं. दिवे लागले होते. आई गल्लीच्या तोंडाशी उभी होती. तिनं आधी मला बघितलं, मग गाडीत टाकलेली वाकडी सायकल बघितली, मग परत मला. मला वाटलं रडेल, मारेल, शिव्या देईल. तिनं मला आत नेलं. हळद गरम केली, हात गळ्यात बांधला, मला भरवलं. स्वतः अर्थातच नाही जेवली. पडल्या पडल्या मी सगळं सांगून टाकलं, भज्यांचं, पाव तासाचं, सगळं. अंधारातच बोललो म्हणून बोलता आलं. तिनं माझ्यावर वाकळ ओढली. मग म्हणाली, “तू एवढ्या जोरात माझ्यापायी येत हुतास व्हय.” मी म्हणालो, तुझ्यापायी नाही, भज्यांपायी उशीर व्हायचा म्हणून. पण तिच्या मनात ‘माझ्यापायी’ तेवढंच बसलं होतं. सकाळी मी उठायच्या आत ती बस्तीत देवदर्शनाला गेली.

आता तुला हे पत्र का लिहितोय ते सांगतो. तिनं तुला कळवू नको म्हणून मला शपथ घातलीय, आणि मी ती मोडतोय. त्या सकाळी बस्तीत तिनं देवासमोर नियम घेतला, दिवसातनं एकदाच जेवायचं, दुपारी. जन्मभरासाठी. संध्याकाळचं ताटच सोडून दिलं तिनं, म्हणजे कुणाला त्या भिंतीवरच्या उन्हाशी शर्यत लावायला नको. मला म्हणाली, “आता तू सावकाश येत जा, माझं झालंय.” मी तसाच प्लास्टरचा हात घेऊन उपाध्यांकडं गेलो, पाया पडलो, म्हणालो काहीतरी तोड सांगा, चूक माझी आहे, प्रायश्चित्त मला द्या. ते म्हणाले, घेणारीनं घेतला बाळ, आता सोडवणारे आपण कोण. हात मोडल्यामुळं मी आता दिवसभर घरीच असतो, अक्का. दिवसही मोठे झालेत. भिंतीवर हातभर ऊन असतं तेव्हा आई मला हाक मारते, वाढते, आणि समोर बसून मी जेवतो ते बघते. भाकरी अर्धी टाकायची सोय उरली नाही, ती सगळी खातो. तू येशील, दोन जिवांची, आणि सवयीनं संध्याकाळी तुझं नि तिचं अशी दोन ताटं मांडशील, तिला दंडाला धरशील. ती हात सोडवून घेईल आणि हसून काहीतरी कारण सांगेल. ते कारण तिला सांगायला लावू नकोस. आल्यावर मला काय बोलायचं ते सगळं बोल, गोठ्यात नेऊन बोल. पण संध्याकाळी ताट तेवढं तुझं एकटीचंच घे.

तुझाच,
बाहू